सरासरी खर्च आणि सुभद्राबाईंची भाकर

अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक रेघ असते. डावीकडून उतरत येते, तळाशी थोडी सपाट चालते आणि उजवीकडे पुन्हा चढते. नाव मात्र भारदस्त: दीर्घकालीन सरासरी खर्च वक्र. ही रेघ मी नोकरीभर दरवर्षी फळ्यावर काढली, आधी नांदेडला आणि नंतर लातूरला. मुलं तिला ‘कढई’ म्हणायची. ‘सर, कढई झाली, आता पुढचा धडा घ्या,’ असं मागच्या बाकावरून ऐकू यायचं.

ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकाच भाकरीसाठी चूल पेटवली तर सगळ्या सरपणाचा आणि करणाऱ्या बाईच्या मजुरीचा भार त्या एका भाकरीवर बसतो. त्याच चुलीवर पन्नास केल्या तर तो भार वाटला जातो. तिथंच दोनशे करायला गेलात तर चूल पुरत नाही, बाई दमते, भाकरी करपतात आणि खर्च पुन्हा वाढतो. हा झाला अल्पकाळ. यात चूल बदलता येत नाही. दीर्घकाळ म्हणजे चूलच बदलायची मोकळीक. मोठी बांधा, आणखी एक बांधा, नाहीतर आहे ती मोडा. चुलीच्या प्रत्येक आकाराची आपली एक छोटी कढई असते, आणि त्या सगळ्या कढयांना खालून टेकत जाणारी जी एक लांब रेघ, ती आमची.

नांदेडला एका मुलानं विचारलं होतं, “सर, या रेघेचं काम कुठं पडतं?”

“परीक्षेत,” मी म्हणालो. उत्तर प्रामाणिक होतं. परीक्षेबाहेर मी तरी ती कुठं पाहिली होती?

ती पाहायला मिळाली लातूरला. मी तिथं रुजू झालो तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्या जास्त आणि इमारती कमी, अशी अवस्था. जे घर रिकामं दिसेल त्यावर सरकारी पाटी लागायची. एका पाटीच्या रंगाखालून ‘येथे दळण दळून मिळेल’ हे अजून वाचता येत होतं. कोण कुठला साहेब हे कुणालाच माहीत नसल्यामुळे बगलेत रजिस्टर असलेल्या प्रत्येक माणसाला लोक नमस्कार करायचे. मीही रजिस्टर घेऊनच खोली शोधायला गेलो. घरमालकानं खुर्ची दिली, चहा दिला, ‘साहेब’ म्हटलं आणि भाडंही साहेबाचंच सांगितलं.

आणि त्याच सुमारास पाऊस पळाला. विहिरी तळाला गेल्या, टँकर आला की गल्लीतली भांडी त्याच्याआधी धावायची.

प्राचार्यांनी मला बोलावलं. “वाघमारे, तुम्ही अर्थशास्त्राचे. दिवस कठीण आहेत. मुलांचं वसतिगृह तुम्ही सांभाळा.” अर्थशास्त्राचा माणूस म्हणजे काटकसरी माणूस, अशी त्यांची समजूत. माझ्या बायकोला विचारलं असतं तर ती समजूत तिथल्या तिथं मिटली असती. पण तिला कुणी विचारलं नाही आणि मी वसतिगृहाचा रेक्टर झालो.

वसतिगृहात दोन खानावळी होत्या. पुढची मेस आणि मागची मेस. दोन्ही मुलांनीच चालवायच्या. पोरं घरून ज्वारी, तूर, तिखट आणायची, वर महिन्याची वर्गणी द्यायची, त्यातून आचाऱ्याचा पगार, सरपण आणि किराणा भागायचा. पुढच्या मेसला काशीनाथअप्पा स्वयंपाक करायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात सदैव तक्रार आणि हाताला अशी चव की वरणाच्या वासानं तास बुडवून पोरं जेवायला यायची. तिथं जेवायची ती व्यापाऱ्यांची, दुकानदारांची आणि बऱ्यापैकी शेती असलेल्यांची मुलं. मागच्या मेसला सुभद्राबाई. त्या भाकरी थापायला बसल्या की बोलणं बंद, नुसता थापण्याचा ताल. तिथं जेवायची ती शिष्यवृत्तीवर शिकणारी आमची मुलं. ‘आमची’ म्हणजे बौद्ध घरांतली, आणि आणखी दोनचार अशाच घरांतली. मी स्वतः किनवटकडच्या बौद्ध घरातला. कोणी कुठं जेवायचं याची पाटी कुठंच नव्हती. ती लागत नव्हती.

दुष्काळात घरून ज्वारी येईना. शिष्यवृत्ती नेहमीप्रमाणे वाटेतच थांबलेली. एकेक मुलगा गावी जायला लागला. ताटं कमी झाली, पण बाईंचा पगार, चूल आणि टँकरचं पाणी तेवढंच. म्हणजे उरलेल्या प्रत्येक ताटावर जास्त भार. भार वाढला म्हणून आणखी मुलं गेली, आणि ती गेली म्हणून भार आणखी वाढला. वक्राच्या डाव्या बाजूला माणूस उलटा चढायला लागला की काय होतं, ते मी रोज दुपारी मागच्या मेसमध्ये बघत होतो.

एक दिवस बसस्थानकावर मिलिंद दिसला. रेणापूरकडचा, माझ्या वर्गातला, मागच्या मेसचा सेक्रेटरी. पायाशी पत्र्याची पेटी.

“कुठं जाऊन राहिलास रे?”

माझ्या या किनवटी ‘जाऊन राहिलास’वर लातूरची पोरं नेहमी हसायची. त्या दिवशी मिलिंद हसला नाही.

“गावाकडं जायलाव, सर. मेस बंद पडायलीय. बारा ताटांत काय चालतंय?”

“आणि परीक्षा?”

“परीक्षेला येतो की.”

तो परीक्षेला येणार नव्हता. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. रोजगार हमीच्या कामावर एकदा खडी फोडायला लागलेला मुलगा परत वर्गात येत नाही, हे मी माझ्या भावंडांत पाहिलेलं होतं. मी पेटीची एक कडी धरली.

“चल परत. आठवडाभर थांब. माझं काही जमलं नाही तर मीच तुला गाडीत बसवीन.”

पेटी दोघांनी मिळून परत आणली. वाटेत तो म्हणाला, “सर, तुमी करणार काय पण?” खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. वसतिगृहाच्या फाटकातून आत शिरलो, पुढच्या आणि मागच्या अशा दोन धुराड्यांतून निघणारा धूर दिसला, आणि तिथं मात्र मला माझी रेघ दिसली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मेसच्या मुलांना अंगणात बसवलं. भिंतीवर कोळशानं रेघ काढली. एक चूल, एक पाण्याचं पिंप, एक मोठं पातेलं, कामाची वाटणी: वरण-भाजी अप्पांकडं, भाकरी सुभद्राबाईंकडं. एकत्र केलं तर प्रत्येक ताटाचा खर्च कसा उतरतो ते दाखवलं. समतेबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर ‘सर आपल्या पोरांसाठी बोलायलेत’ म्हणून सभा तिथंच संपली असती. मी फक्त खर्चाबद्दल बोललो. अगदी कोरडेपणानं, खोकत खोकत.

पुढच्या मेसचा सेक्रेटरी महालिंग उठला. औशाच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा, वर्गात हुशार आणि तोंडानं फटकळ.

“सर, हे अर्थशास्त्र हाय का दुसरं काही?”

“अर्थशास्त्रच आहे. दहा मार्कांना येतं.”

पोरं हसली. महालिंग हसला नाही, पण बसला. त्याच्याही मेसमधली ताटं घटत चालली होती आणि पुढच्या महिन्याची वर्गणी वाढणार होती. मुलांना जात कळत होती, तशी भूकही कळत होती.

अप्पांना विचारलं. ते म्हणाले, “माझी काय तक्रार असणार? चुलीवर अंडं-मटण न्हाई आलं म्हंजे झालं. पर पोरांच्या बापांना तुमी सांगा. मला खामखा मधी घालू नका.” सुभद्राबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “पीठ चांगलं दळून आणा. बाकी तुमचं तुमी बगा.”

मागच्या मेसची चूल विझवली आणि पुढच्या मेसमध्ये पंगत बसली. पहिल्या दिवशी मुलं अशी बसली की मध्ये एक माणूस सहज झोपू शकेल एवढी फट. वाढणाऱ्यांची त्यामुळे फार पंचाईत झाली. अप्पा ओरडले, “सरकून बसा रे, वरण सांडायलंय! पाणी कुठून आणू फरशी धुवायला?” पाण्याचं नाव निघताच मुलं सरकली.

सगळं गोड झालं असं नाही. पुढच्या मेसमधल्या काही मुलांना घरच्यांनी दुसऱ्याच आठवड्यात नेलं आणि गावात खोल्या करून दिल्या. त्यातली दोन माझ्या वर्गातली होती. ती माझ्या तासाला येईनाशी झाली, रस्त्यात भेटली तरी खाली बघून जायची. मला त्यांचा राग कधी आला नाही, पण वर्गात त्यांची जागा रिकामी दिसली की खडू हातात तसाच राहायचा.

महालिंगचे वडील शिवप्पाशेठ औशाहून आले ते थेट माझ्या खोलीत. पांढरी टोपी, हातात पिशवी. मुलाला न्यायलाच आले होते. मी त्यांच्यापुढं कागदावर रेघ काढली. माणूस पक्का व्यापारी. मी तळाशी पोचायच्या आतच त्यांना सगळं कळलं होतं.

“पोतं घेतलं की किलोला स्वस्त पडतंय, तसंच न्हवं?”

“तसंच.”

“आन् गोदाम भरून घेतलं की उंदीर खातेत. म्हणून तुमची रेघ पुन्हा वर गेली.”

“अगदी बरोबर.”

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. “हिशेब पटला, सर. पर माझं हिशेबाचं नव्हतंच.”

मी ती घडी खिशात टाकली. त्यांचं जे होतं ते पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात महालिंग दारात येऊन उभा राहिला.

“अण्णा, मी हितंच जेवणार हाय.”

“आईला काय सांगू?”

“मी बरा हाय मनून सांगा.”

शिवप्पाशेठनं टोपी सारखी केली आणि पिशवी उचलली. मी जेवणाचा आग्रह केला. ते ‘उपास हाय’ म्हणाले. कुठला उपास, ते मी विचारलं नाही. गेले, पण मुलाला मागं ठेवून गेले. मला तेवढं पुष्कळ होतं.

महिनाअखेर ताटाचा खर्च उतरला, अगदी भिंतीवरच्या रेघेसारखा. गावी गेलेली काही मुलं परत आली. ताटं वाढली तसा खर्च आणखी उतरला. मिलिंद परीक्षेला बसला आणि वक्राचा प्रश्न आला तेव्हा त्यानं उदाहरण म्हणून आमचीच मेस लिहिली, अप्पांच्या तक्रारींसकट. बाहेरच्या परीक्षकानं त्याला किती गुण दिले कुणास ठाऊक, मी सगळे दिले असते.

इथं थांबलो असतो तर ही यशाची गोष्ट झाली असती. पण आमची रेघ उजवीकडं वर जाते आणि आमच्या संस्थेला अध्यक्ष होते.

अध्यक्ष एके दिवशी पाहणीला आले. उत्साही माणूस. जिल्हा नवा, त्यामुळे त्यांना सगळंच जिल्ह्याएवढं करायचं होतं. हिशेब बघून त्यांनी माझी पाठ थोपटली. “वाघमारे सर, दोन मेस एक केल्यावर एवढी बचत, तर संस्थेची सगळी वसतिगृहं एक केल्यावर केवढी होईल! लातूर, औसा, रेणापूर, सगळ्यांचा स्वयंपाक एका ठिकाणी. जिल्हास्तरीय स्वयंपाकघर!”

मी घाईघाईनं कागद काढला. “साहेब, मोठं केलं की स्वस्त पडतं, पण एका मर्यादेपर्यंत. पुढं ही बघा, रेघ वर जाते.”

“मर्यादा कुठं हाय?”

“ती आकड्यात सांगता येत नाही. बांधून बघितल्यावर कळते.”

“मग बांधून बघू!” असं म्हणून ते गाडीत बसले. माझ्या नोकरीत माझं एक वाक्य इतक्या तातडीनं अमलात आलं, ते एवढंच.

रेघेच्या उजव्या बाजूबद्दल मी लेखी टिपण पाठवलं, तोवर पातेली आली. ती दारातून जाईनात म्हणून भिंत पाडली. भिंत पाडल्यामुळे चोरीची भीती, म्हणून रखवालदार आला. रखवालदार झोपतो की जागतो हे बघायला सुपरवायझर, आणि सगळ्यांवर एक मॅनेजर. डबे पोचवायला टेम्पो. अप्पांच्या हातात होडीच्या वल्ह्याएवढा झारा आला. ते म्हणाले, “सर, मी स्वयंपाक करायलाव का नाव चालवायलाव?”

वरण मोठ्या पातेल्यात होतं. भाकरीचं तसं नाही. ती एकेकच थापावी लागते. हजार भाकरी म्हणजे हजार वेळा थापणं, त्यात मोठेपणाची सवलत नाही. ही गोष्ट मी अध्यक्षांना सांगितली तर त्यांनी भाकरी बंद करून पोळ्यांचं यंत्र आणलं. त्यातून निघणारी पोळी सकाळी वाकायची, दुपारी नाही. सुभद्राबाईंना बढती देऊन यंत्रावर देखरेखीला बसवलं. काही गडबड झाली तर वाजवायला म्हणून एक शिट्टीही दिली.

त्या ती शिट्टी तळहातावर घेऊन माझ्याकडं आल्या. “सर, माझ्या हाताला काम द्या. ही पोरांना खेळायला द्या.”

मी मॅनेजरशी बोललो. मॅनेजर सुपरवायझरशी बोलतो म्हणाला. सुपरवायझर रजेवर होता.

मग मिठाचा दिवस आला. पातेलं एवढं मोठं की मीठ कोण घालणार हे ठरवायला मॅनेजरनं माणूस नेमला होता. त्यानं घातलं. अप्पांनी सवयीनं घातलं. औसा, रेणापूर, लातूर, सगळ्या वसतिगृहांत त्या दिवशी एकाच वेळी पाणी संपलं, आणि तेही दुष्काळात. दुसऱ्या दिवशी दोघांनीही दुसऱ्याच्या भरवशावर मीठ घातलंच नाही. दोन माणसांच्या स्वयंपाकघरात नुसतं एकमेकांकडं बघून जे कळतं ते इथं कळायला मॅनेजर लागत होता, आणि त्यालाही कळत नव्हतं. मोठं झाल्यावर खर्च का वाढतो, हे पुस्तकात अवघड भाषेत दीड पान लिहिलेलं आहे. वर्गात मी त्याऐवजी हे मीठ सांगायला लागलो.

उन्हाळा वाढला तशी टेम्पोत भाजी आंबायला लागली. एकदा रेणापूरच्या वाटेवर टेम्पो बिघडला आणि तिथली पोरं दुपारी बिस्किटांवर राहिली. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं लातूरला आली, सगळे डबे अध्यक्षांच्या अंगणात ओळीनं मांडले आणि शांतपणे बसून राहिली. घोषणा नाहीत, काही नाही. अध्यक्ष बाहेर आले. रेणापूरच्या मुलांसोबत गेलेल्या मिलिंदनं एक डबा उघडून पुढं केला.

“साहेब, जेवा.”

माणूस उत्साही होता, पण खोटा नव्हता. तिथंच पायरीवर बसला आणि पोळी तोडायला लागला. दोन्ही हातांनी प्रयत्न केला. मग आत बघून बायकोला हाक मारली, “पोरांना काहीतरी करून घाला आधी.”

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. “हे तुमच्या रेघेत होतं?”

“होतं, साहेब. उजव्या बाजूला.”

“मग बोंबलून का न्हाई सांगितलं?”

“लेखी दिलं होतं.”

“लेखी कोण वाचतंय!” असं म्हणून त्यांनी मॅनेजरला दुसरीकडं धाडलं, यंत्र विकायला काढलं आणि प्रत्येक वसतिगृहाला आपापलं स्वयंपाकघर परत दिलं. सुभद्राबाईंनी शिट्टी मॅनेजरच्या रिकाम्या टेबलावर ठेवली आणि त्याच संध्याकाळी परातीत पीठ घेतलं.

पण एक गोष्ट राहिली होती आणि तिचीच मला धास्ती होती. तोवर पाऊस झाला होता. घरून ज्वारी यायला लागली होती, शिष्यवृत्तीही एकदाची पोचली होती. आणि काही पालकांनी अध्यक्षांना अर्ज दिला: आता दिवस बरे आलेत, तर लातूरच्या वसतिगृहात पूर्वीसारख्या दोन मेस कराव्यात. अध्यक्ष म्हणाले, “मुलांनाच ठरवू द्या.”

मी घरी बसून आकडेमोड केली. एक मेस अजूनही स्वस्त पडत होती, पण फरक आता फार थोडा होता. तळाशी रेघ सपाट असते ना, तसा. दुष्काळात जो मुद्दा मला पोटाच्या जोरावर मांडता आला होता, त्याच्यात आता जोर नव्हता. खर्चापलीकडचं बोलायची वेळ आली होती आणि मला त्याची सवय नव्हती. पूर्ण भाषण मनात जुळवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी मुलांपुढं खर्चाचं सोडून माणसांबद्दल बोलणार होतो.

सभा जेवणाच्या आधी ठेवली होती, ही माझी मोठी चूक की मोठी हुशारी, अजून ठरवता आलेलं नाही. मुलं बसली. त्या दिवशी शिवप्पाशेठही मुलाला ज्वारी पोचवायला आलेले, एका कोपऱ्यात पोत्यावर बसून होते. मी घसा साफ केला.

“मुलांनो, पालकांचा असा अर्ज आहे की दोन मेस...”

“दोन कशाला?” महालिंग मधेच म्हणाला.

“म्हणजे पूर्वीसारख्या. खर्चाचा फरक आता फारसा पडत नाही, हे मला तुम्हाला सांगायला हवं...”

“मग न्हाई पडत तर न्हाई पडत. दोन कशाला?”

मागून कुणीतरी म्हणालं, “अप्पांचं वरण तिकडं आन् मावशीची भाकर इकडं, मग आमी काय पळत जेवावं?” हशा झाला. मी हात वर करायला सांगितलं. एक मेस हवी म्हणणाऱ्यांचे हात मोजायची गरज पडली नाही. दोनतीन हात खालीच राहिले, त्यांना कुणी काही बोललं नाही.

मी भाषण सुरू करणार तोच मिलिंद म्हणाला, “सर, ठरलं न्हवं? मग भाकरी गार व्हायल्यात.”

पोरं उठली आणि पंगतीला बसली. कोण कुणाच्या शेजारी बसलं हे मी मुद्दाम बघायला गेलो आणि मला ते ओळखता येईना. शिवप्पाशेठ उठून दाराशी उभे होते. अप्पांनी ताट मांडून त्यांच्याकडं बघितलं. या वेळी त्यांनी उपासाचं नाव काढलं नाही. महालिंगच्या शेजारी टेकले, पहिला घास घेतला आणि भाकरी उलटीसुलटी करून बघितली.

“बाई, भाकर जाड हाय.”

सुभद्राबाईंनी तव्यावरची नजरही काढली नाही. “गर्दीच्या येळंला जाडच व्हती, शेठ. पातळ पाहिजे तर लवकर येत जावा.”

शिवप्पाशेठनं मान हलवली आणि आणखी एक मागून घेतली.